गाडी लागते त्यांच्यासाठी

पोलादपूर सुटलं की आंबेनळी घाट सुरू होतो. तिथून महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटर. समुद्रसपाटीच्या जवळून निघालेली एसटी साडेतेराशे मीटरच्या आसपास चढते, आणि एवढ्या चढात सरळ रस्ता क्वचितच भेटतो. लहानपणी दर मे महिन्यात आम्ही या वाटेने मावशीकडे जायचो आणि दर मे महिन्यात मी ठरलेल्या वळणाला ओकायचे. ठरलेल्या म्हणजे अगदी ठरलेल्या. आई त्याच्या आधीच्या वळणावरच पिशवी उघडून धरायची. भाऊ हसायचे. आत्या म्हणायची, “मनानं घेतलंय पोरीनं, दुसरं काही नाही.”

आज त्याच घाटातून मी जाते आणि पिशवी बहुतेक वेळा कोरी परत येते. घाट तोच आहे, पोटही तेच. फरक इतकाच की आता मी मळमळ सुरू व्हायची वाट बघत नाही. गाडी लागण्यावरचे जवळजवळ सगळे उपाय ती लागायच्या आधीचे आहेत. एकदा तोंडाला पाणी सुटलं की हातात फार थोडं उरतं.

मराठीत भूक लागते, ऊन लागतं, दृष्ट लागते, तशी गाडीही लागते. कोकणातली जुनी माणसं ‘बोट लागते’ म्हणतात, मुंबईहून आगबोटीने गावी जायच्या दिवसांतला तो शब्द. मला तो आवडतो, कारण त्यात लागणाऱ्याचा दोष नाही. घरातले मात्र तो दोष माणसालाच देतात. म्हणून आधी आत्याच्या मुद्द्याचं उत्तर.

आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि शेजारी चुनखडीचे सूक्ष्म कण असलेल्या दोन छोट्या पिशव्या. डोकं वळलं की नळ्यांतला द्रव हलतो. गाडीने वेग घेतला किंवा ब्रेक मारला की कण सरकतात. आता तुम्ही घाटात मान खाली घालून मोबाइल बघताय. डोळे मेंदूला कळवतात, आपण स्थिर बसलोय. कान कळवतो, डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, वेग कमी झाला, परत वाढला. दोन साक्षीदार, दोन जबान्या. या विसंगतीतून मळमळ सुरू होते, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पण तिचा शेवट उलटीतच का व्हावा? काही विषांमुळेही असाच गोंधळ उडतो, म्हणून मेंदू पोट रिकामं करायचा हुकूम देत असावा, असा तर्क ट्रीसमन या शास्त्रज्ञाने १९७७ साली मांडला होता. तर्क खरा असो वा नसो, एक गोष्ट पक्की आहे. ज्यांची आतल्या कानातली ही यंत्रणा पूर्ण निकामी असते, त्यांना गाडी लागतच नाही. तेव्हा मनानं घेण्याचा हा प्रश्न नाही, आत्या.

चार्ल्स डार्विन १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावर चढला आणि जवळजवळ पाच वर्षांच्या त्या प्रवासात समुद्र त्याला लागतच राहिला. तरी त्याने काम सोडलं नाही. घरात कोणी तुमच्या ओकण्यावर हसलं तर हे नाव पुढे करा.

दोन वर्षांच्या आतल्या बाळांना गाडी सहसा लागत नाही. त्यानंतर बारा वर्षांपर्यंतचा काळ सगळ्यात त्रासाचा, त्यातही नवव्या-दहाव्या वर्षाच्या आसपास. पुढे बहुतेकांचा त्रास कमी होतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त लागते, पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात आणखी. अर्धशिशी असलेल्यांनाही सहज लागते. घरात यातलं कोणी असेल तर जागांची वाटणी करताना आधी त्याचा विचार करा, मग बाकीच्यांच्या हट्टाचा.

कारण अर्धी लढाई जागेची असते. बसमध्ये शेवटचा बाक आणि मागच्या चाकांवरची जागा नको. पुढची दोन्ही चाकं आणि मागची चाकं यांच्या मधला, शक्यतो पुढच्या अर्ध्यातला भाग घ्या, आणि तोंड गाडीच्या दिशेने ठेवा. वडापच्या जीपमध्ये मागे जे समोरासमोरचे आडवे बाक असतात, त्याहून वाईट जागा नाही. गाडी पुढे जाते, तुम्ही आडवे जाता आणि समोर दिसतात शेजाऱ्याचे गुडघे. खाजगी स्लीपर बसमध्ये वरच्या बर्थवर डोलणं जास्त, म्हणून खालचा मागून घ्या आणि डोळे मिटून उताणे पडा. विमानात पंखांजवळची जागा बरी. रेल्वेत हा त्रास तसा कमीच, फक्त उलट्या दिशेला बसू नका.

कारमध्ये ज्याला लागते त्या मोठ्या माणसाने पुढे बसावं, यात मानपानाचा प्रश्न नको. बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र पुढे बसवू नका, पुढची जागा त्यांच्यासाठी सुरक्षित नाही. त्यांची खरी अडचण वेगळीच असते. मागच्या सीटवर ती इतकी खाली बसतात की त्यांना पुढच्या सीटची पाठ सोडून काहीच दिसत नाही. उंची वाढवणारी मुलांची सीट वापरली की सुरक्षाही मिळते आणि खिडकीही. मागच्या मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा असेल तर तिथून समोरचा रस्ता सरळ दिसतो.

आणि दिसणं हेच औषध आहे. कानाला जे जाणवतंय तेच डोळ्यांना दिसायला हवं. म्हणून दूर बघा, समोरच्या काचेतून, रस्ता जिथे वळतो तिथे किंवा पलीकडच्या डोंगराच्या कडेवर. खिडकीतून जवळची झाडं सपासप मागे जाताना बघत बसू नका. पुस्तक, मोबाइल, गूगल मॅप हे सगळं घाट संपेपर्यंत बंद. मुलं गप्प बसावीत म्हणून आपणच त्यांच्या हातात कार्टून देतो आणि अर्ध्या तासाने सीटकव्हर धुतो. त्यापेक्षा बाहेर बघायला लावणारे खेळ खेळा. पुढून येणाऱ्या गाडीची पाटी ओळखायची: ०६ रायगड, ०८ रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, ११ सातारा. आधी ओळखेल त्याला एक गुण. आम्ही यावर भांडत भांडत एकदा पूर्ण घाट चढलो आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की कोणीच ओकलं नाही.

डोकं सीटच्या उशीला टेकवून ठेवा. गाडी वळत असताना मागच्याशी बोलायला मान वळवली की कानातला गोंधळ दुप्पट होतो. चालकाकडे एकदा नीट बघा. वळण आलं की त्याचं डोकं नकळत वळणाच्या आतल्या बाजूला झुकतं, आणि प्रवाशांची डोकी बाहेरच्या बाजूला फेकली जातात. मुद्दाम चालकासारखं आत झुकलं तर त्रास कमी होतो, असं अभ्यासात दिसलं आहे. करून बघा. पहिल्या दोन-तीन वळणांना वेड्यासारखं वाटतं, मग जमतं.

चालकाला गाडी का लागत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. पुढे काय होणार हे त्याला आधी कळतं, कारण ते तोच करतो. एसटीच्या वाहकाचं प्रकरण मात्र वेगळं. तो घाटात उभा राहून, कधी मागे तोंड करून, खाली बघत तिकिटं देतो आणि त्याला काहीच होत नाही. ती सवय. शरीर रोजच्या हेलकाव्यांना सरावतं, दर्यावर्दीसुद्धा दोन-तीन दिवसांत सरावतात. वर्षातून एकदा महाबळेश्वरला जाणाऱ्यांना ही सोय नाही.

इथे मला गाडी चालवणाऱ्यांशी थोडं बोलायचं आहे. खड्ड्यांनी कंबर मोडते, पण पोट ढवळतं ते वळणांनी. आतल्या कानाला सगळ्यात जास्त छळतो तो संथ हेलकावा, साधारण पाच सेकंदांना एक या लयीतला. माथेरानच्या घोड्यावर अंग खिळखिळं होतं, पण मळमळत नाही, कारण ते धक्के भराभर येतात. घाटातली वळणं आणि समुद्रातल्या लाटा नेमक्या त्या संथ लयीत येतात. म्हणून तुमच्या गाडीत कोणी ओकलं तर निम्मा वाटा तुमचा असू शकतो. वळणात शिरण्याआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक मारू नका, बाहेर पडताना हळूच वाढवा. ट्रकच्या मागे लागून सारखं वेग घे, ब्रेक मार, वेग घे, असं करण्यापेक्षा चार मिनिटं उशीर परवडला. नवी इलेक्ट्रिक गाडी असेल तर आणखी सांभाळा. पेडलवरचा पाय उचलला की ती आपोआप मंदावते. तुम्हाला ते आधी ठाऊक असतं, मागे बसलेल्यांना नाही. आणि आरशाला टांगलेला तो सुगंधाचा डबा घाट सुरू होण्यापूर्वी काढून डिकीत टाका.

पोट रिकामं ठेवून निघणं ही आपल्याकडची मोठी गैरसमजूत. “काही खाऊच नको म्हणजे ओकायचीच नाहीस,” हे मी दहा वर्षं ऐकलं आणि दहा वर्षं पित्त ओकले. निघण्याआधी दीड-दोन तास हलकं खा. पोळी आणि कोरडी भाजी, इडली, मऊ भात. मिसळ, तळलेला वडा, भरपूर दूध घातलेला चहा हे परतल्यावर. वाटेत दर थोड्या वेळाने खारी, खाकरा, कुरमुरे असं काहीतरी कोरडं तोंडात टाका आणि पाणी घोट घोट प्या. आदल्या रात्री जागरण झालं असेल किंवा दारू झाली असेल तर घाटाला दोष देऊ नका.

आता गोळ्या. आपल्याकडे सगळ्यात ओळखीची ती अ‍ॅव्होमिन. तिच्यातलं औषध प्रोमेथाझिन, मुळात अ‍ॅलर्जीवरच्या जुन्या गोळ्यांच्या घराण्यातलं. या घराण्याचा गाडी लागण्याशी संबंध कसा उमगला, ती गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गे आणि कार्लिनर या डॉक्टरांनी अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला डायमेनहायड्रिनेट नावाचं नवं औषध दिलं. तिने येऊन सांगितलं की अलीकडे ट्राममध्ये तिला मळमळत नाही. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी सैनिकांच्या एका जहाजावर औषधाची चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले.

या गोळ्या वाया जातात त्या वेळ चुकल्यामुळे. घाट सुरू झाल्यावर, मळमळ आल्यावर गोळी घेऊन उपयोग होत नाही, कारण तोवर जठराचं काम मंदावलेलं असतं. गोळी पोटात तशीच पडून राहते आणि पुढच्या वळणाला बाहेर येते. निघण्याआधी साधारण तासभर ते दोन तास घ्यावी लागते. सिनारिझिनच्या गोळ्यांचंही तसंच. तुमचा प्रवास पुण्याहून असेल आणि घाट चार तासांनी येणार असेल, तर वेळ घाटाच्या हिशेबाने ठरवा.

दुसरी चूक गोळीच चुकीची घेण्याची. उलटी म्हटलं की हल्ली घरोघरी ऑन्डॅनसेट्रॉनची गोळी निघते. जुलाब-उलट्यांत आणि कर्करोगाच्या औषधांमुळे होणाऱ्या उलट्यांवर ती उत्तम, पण गाडी लागण्यावर तिचा उपयोग होत नाही. त्या उलट्यांची वाटच वेगळी. डोम्पेरिडोनही इथे फारसं कामाचं नाही. तसंच झोप न आणणारी अ‍ॅलर्जीची नवी गोळी घेतली तर ती मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही. दुर्दैवाने जी लागू पडते ती झोपही आणते.

त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने ही गोळी घ्यायची नाही, आणि घेतली तर त्या दिवशी दारूला शिवायचं नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रोमेथाझिन अजिबात देऊ नका, श्वास मंदावण्याचा धोका असतो. त्याहून मोठ्या मुलाला किती द्यायची हे डॉक्टरांनाच विचारा, अर्धी गोळी मोडून अंदाजाने देऊ नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेले, गरोदर बायका आणि आधीच झोपेची किंवा मनाच्या आजाराची औषधं घेणारे, यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये. पहिल्यांदाच घेणार असाल तर सुट्टीच्या आधी एखाद्या रविवारी घरी घेऊन बघा. किती गुंगी येते ते कळतं आणि सहलीचा दिवस झोपेत जात नाही.

घरगुती उपायांबद्दल मी ना भाविक आहे ना नास्तिक. आल्यावर संशोधन झालं आहे, काही प्रयोगांत उपयोग दिसला, काहींत नाही. पण आलेपाकाची वडी चघळून नुकसान काही होत नाही, आणि मला तिचा आधार वाटतो. लिंबाचा वास, जिभेखाली लवंग, आवळासुपारी, लिमलेटची गोळी यांनी निदान तोंडाची चव आणि लक्ष दोन्ही दुसरीकडे जातं. मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटं वर दाब देणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्यांच्याबद्दलचे निष्कर्षही उलटसुलट आहेत. सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बसलं की गाडी लागत नाही, हे मात्र मला कधीच पटलं नाही. आमच्या घरात त्याचा एकच खात्रीचा फायदा दिसला, सीट कोरडी राहिली.

मोठ्यांच्या बाबतीत मळमळीची चाहूल ओळखणं सोपं. मुलं सांगत नाहीत, कारण त्यांना नेमकं काय होतंय ते कळत नाही. बडबडं मूल अचानक गप्प झालं, सारख्या जांभया द्यायला लागलं, सारखं थुंकी गिळायला लागलं, ओठांभोवती पांढरं पडलं, कपाळावर गार घाम आला, तर पुढच्या सपाट जागी गाडी थांबवा. खाली उतरवा, चालवा, चेहऱ्यावर वारा घेऊ द्या. पाच मिनिटं पुरतात. थांबणं शक्य नसेल तर काच खाली करा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर घ्या, डोळे मिटून मान टेकवा आणि श्वास मोजून, सावकाश घ्या. मोजून घेतलेल्या श्वासाने खरोखर फरक पडतो. दर दोन मिनिटांनी “आता कसं वाटतंय? मळमळतंय का?” असं मात्र विचारू नका. विचारून विचारून ओकायला लावणारे प्रेमळ नातेवाईक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आणि ओकायची वेळ आलीच, तर खिडकीबाहेर डोकं काढू नका. घाटात समोरून येणारी बस आणि आपली बस यांच्यात कधी कधी हातभराचंही अंतर नसतं. त्यासाठीच पिशवी. तिला भोक नाही ना हे घरीच पाणी भरून बघा, एकात एक अशा दोन घ्या. सोबत ओला नॅपकिन, एक कोरडा शर्ट, पाण्याची वेगळी बाटली. हे सगळं डिकीतल्या बॅगेत नव्हे, हाताशी. उलटी झाल्यावर चूळ भरा, लगेच घटाघटा पाणी पिऊ नका. पंधरा-वीस मिनिटांनी एकेक घोट लिंबूपाणी किंवा ओआरएस. भरलेली पिशवी गाठ मारून पुढच्या थांब्यावरच्या कचरापेटीत टाका, दरीत नको.

बोटीचं गणित थोडं वेगळं. मांडव्याची, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याची किंवा अंदमानात श्री विजयपुरमहून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) स्वराज द्वीपाची बोट असो, हलणं सगळ्यात कमी ते मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर. पण खाली बंद खोलीत क्षितिज दिसत नाही. क्षितिज दिसेल अशी मधली जागा मिळाली तर उत्तम, निवड करावी लागली तर उघड्या हवेत उभं राहून क्षितिजाकडे बघा. इंजिनाच्या धुरापासून लांब. उतरल्यावर काही तास जमीन हलल्यासारखी वाटली तर घाबरू नका, बहुतेकांचं ते दिवसभरात जातं.

एक धोक्याची गोष्ट नीट लक्षात ठेवा. हल्ली आपली माणसं उन्हाळ्यात लेह-लडाखला, रोहतांगला जातात. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे पोचल्यावर काही तासांनी डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय आणि गाडी तर केव्हाच थांबली आहे, असं असेल तर ते गाडी लागणं नव्हे, विरळ हवेचा त्रास आहे. गाडीची मळमळ गाडी थांबली की उतरणीला लागते, ही वाढत जाते. अशा वेळी अ‍ॅव्होमिन देऊन झोपवू नका. आणखी वर जाणं थांबवा, डॉक्टरांना दाखवा. धाप लागत असेल, पावलं अडखळत असतील किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल तर तातडीने खाली उतरवा. तसंच, आयुष्यभर गाडी न लागलेल्या मोठ्या माणसाला अचानक चक्कर येऊ लागली, कमी ऐकू येऊ लागलं किंवा गाडीत नसतानाही घर फिरल्यासारखं वाटलं, तर तपासून घ्या.

शेवटचं, परतीबद्दल. जाताना सगळे सावध असतात, येताना कोणीच नाही. महाबळेश्वरच्या हॉटेलात नाश्ता फुकट म्हणून आपण पुरी-भाजीही खातो आणि डोसाही. वर वाटेत स्ट्रॉबेरी आणि क्रीम, आणि लगेच उतार सुरू. उतरताना ब्रेक जास्त लागतात, पोटाला ते चढण्याइतकंच जड जातं. म्हणून परतीची गोळी जाताना खर्ची घालू नका. आदल्या रात्रीच काढून टूथब्रशशेजारी ठेवा, पिशवीही तिथेच, आणि सकाळी नाश्त्याच्या टेबलावर आपल्या ताटाकडे बघताना समोर दरी आहे हे विसरू नका.